पायाखालचे लाकूड



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "लाकडी जमिनीची निगा." ते क्षणभर थांबले. युनियनचा माणूस म्हटल्यावर महागाई, संप, कामगार-कायदा असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. ते विषय मी रोजच बोलतो. पण संघटनेच्या कामात पडण्याआधी आठ वर्षे मी पॉलिशवाल्याच्या हाताखाली होतो. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा आज मी पंडिताच्या नात्याने बोलत नाही. गुडघे टेकून ज्याने फळ्या घासल्या त्याच्या नात्याने बोलतो. शिवाय माझ्यावर एक जुने ओझे आहे. तेही आज येथे उतरवायचे आहे. पण ते शेवटी.

आपल्याकडे लाकडी जमीन कुठे होती, असे कोणी विचारील. होती, पण झाकलेली. गावभागातला, खणभागातला जुना वाडा आठवा. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. याला आपण कडीपाट म्हणतो. त्या फळ्यांवर मातीचा थर आणि वर शेणाचे सारवण. खालून पाहिले तर लाकूड, वरून चालले तर माती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. आपल्या याच कृष्णेच्या काठी तो दोन शतकांहून अधिक काळ उभा आहे. ते लाकूड इतके टिकले याचे कारण केवळ साग हे नव्हे. वर छप्पर होते, खालून वारा लागत होता, आणि घरातल्या बायका आठवड्यातून एकदा हात फिरवीत होत्या. निगा हा शब्द तेव्हा कोणी उच्चारीत नसे, पण निगा होत असे.

आता विश्रामबागेत नवे बंगले झाले, सदनिका झाल्या. कोणी दिवाणखान्यात लाकडी जमीन करून घेतो, कोणी गच्चीवर किंवा बागेत फळ्यांचा ओटा बांधतो आणि त्याला डेक म्हणतो. हौसेला मोल नाही, हे खरे. पण हौस संपल्यावर जे उरते त्याला मोल आहे. लाखभर रुपयांची जमीन तीन पावसाळ्यांत काळी पडलेली मी पाहिली आहे. दोष लाकडाचा नव्हता.

प्रथम लाकडाचा स्वभाव समजून घेऊ. झाड तोडले म्हणजे ते मरते, पण लाकूड हलायचे थांबत नाही. ते हवेतला दमटपणा घेते आणि सोडते. घेतले की फुगते, सोडले की आकसते. हे फुगणे फळीच्या लांबीत जवळजवळ नसते, रुंदीत असते. म्हणून चांगला सुतार भिंतीपाशी बोटभर मोकळी जागा ठेवतो आणि ती पट्टीने झाकतो. ज्याला हे ठाऊक नाही तो फळ्या भिंतीला घट्ट भिडवतो, आणि आषाढात जमीन मध्येच उचलून येते.

आज वैशाखाची उन्हे आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी लाकडी जमीन असेल त्यांनी घरी जाऊन पाहावे, फळ्यांत फटी दिसतील. मनात येईल की लांबी भरून टाकावी. कृपा करून भरू नका. दोन महिन्यांनी पाऊस लागला की फळ्या फुगतील, त्या फटी आपोआप मिटतील. तुम्ही लांबी भरलेली असेल तर फुगायला जागा राहणार नाही, मग लांबी तरी बाहेर येईल किंवा फळी तरी वाकेल. लाकडाला त्याच्या ऋतूप्रमाणे वागू द्यावे.

दुसरा शत्रू धूळ. रस्त्यावरची बारीक वाळू म्हणजे गारगोटीचा चुरा. तो कोणत्याही पॉलिशपेक्षा कठीण असतो. चपलेखाली तो अडकला की प्रत्येक पाऊल म्हणजे पॉलिश पेपरचा एक हात. आपली उंबऱ्याबाहेर वहाणा काढण्याची रीत या बाबतीत फार शहाणपणाची आहे. दाराशी पायपुसणे ठेवा, रोज मऊ कुंच्याने झाडा, खुर्च्या-टेबलांच्या पायांखाली बनातीचे तुकडे चिकटवा. एवढ्याने जमिनीचे आयुष्य जितके वाढते तितके बाजारातल्या कोणत्याही बाटलीने वाढत नाही.

तिसरा शत्रू बादली. फरशी पुसायची सवय आपल्या हातात बसलेली असते. बादलीभर पाणी, त्यात फिनेल, नाहीतर सोडा. लाकडाला हे चालत नाही. फडके इतके पिळावे की जमिनीवर ओल मिनिटभरात सुकली पाहिजे. पाणी सांडले तर तेव्हाच टिपावे. ज्या बाई घरी येऊन हे काम करतात त्यांना मालकिणीने एकदा समजावून सांगावे. न सांगता नंतर रागावू नये. आणि एक सांगतो, चकाकी यावी म्हणून मेण थापू नका. घरात म्हातारे माणूस असेल तर घसरण्याचा धोका, आणि पुढे नवे पॉलिश त्यावर धरत नाही.

पॉलिश कोणते आहे हे आधी ओळखावे. जुने पॉलिश लाखेचे असते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात देतात. त्यावर पाणी किंवा गरम पेला राहिला की पांढरा डाग पडतो. मात्र त्याची दुरुस्ती सोपी असते. नवी पॉलिशे थिनरची किंवा पॉलियुरेथेनची असतात. ती पाण्याला जास्त टिकतात, पण एकदा गेली की जागच्या जागी डागडुजी होत नाही, सगळे घासावे लागते. एका कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून बोट लावा. चिकट झाले तर लाख. चिकट झाले नाही तर थिनरचा थेंब टाका. मऊ पडले तर थिनरचे, नाही पडले तर बहुधा पॉलियुरेथेन. आणि घासायच्या आधी जमीन कशाची आहे तेही पाहा. सबंध फळी पुष्कळ वेळा घासता येते. वरती पातळ सागाचा पापुद्रा असेल तर एखाददुसऱ्या वेळा. आणि जी केवळ लाकडाचे चित्र छापलेल्या कागदाची असते ती एकदाही नाही. पुष्कळांना आपण काय विकत घेतले हे घासायला माणूस बोलावल्यावरच कळते.

आता पुराबद्दल. सांगलीत लाकडावर बोलायचे आणि पुरावर बोलायचे नाही, हे शक्य नाही. २००५, २०१९ आणि २०२१ ही साले आपण विसरणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची खूण ४५ फुटांची. गावभागात खालचे मजले बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्ही संघटनेची मंडळी घरोघर गेलो. चिखल उपसला, आणि तेव्हा मी पाहिले की पुराने जेवढे लाकूड बिघडवले, तेवढेच पुरानंतरच्या घाईनेही बिघडवले.

लोकांनी काय केले? दारे, पाट, फळ्या भर उन्हात टाकल्या. वरची बाजू झटकन वाळली, खालची ओली राहिली, फळ्यांच्या पन्हळी झाल्या. काहींनी पन्हळ झालेली जमीन लगेच घासून सपाट केली. खालची बाजू सावकाश वाळल्यावर तीच फळी उलट फुगीर झाली. आणि कित्येकांनी दिवाळी तोंडावर आली म्हणून पॉलिश करून घेतले. आतला ओलावा आतच कोंडला. संक्रांतीपर्यंत पॉलिशचे पापुद्रे निघाले, खाली बुरशी.

पुन्हा पूर न येवो. पण आलाच, तर हे लक्षात ठेवा. चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवावा, वाळला की तो रंध्रांत बसतो. भिंतीलगतच्या पट्ट्या काढाव्यात, खालून वारा जाईल अशी वाट करावी. सावलीत, वाऱ्यावर, आठवडे लागले तरी सावकाश वाळवावे. वाळले की नाही हे ओळखण्याची एक बिनखर्ची रीत सांगतो. एका फळीच्या रुंदीइतकी कागदाची पट्टी कापून ठेवा. दर आठवड्याला तिच्याशी फळी मोजा. फळी आकसत आहे तोवर ती ओली आहे. तीन-चार आठवडे माप बदलले नाही, म्हणजे वाळली. मग पॉलिशवाल्याला बोलवा. लाकडात शेकडा वीसपेक्षा कमी पाणी असेल तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. कुजण्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

आता बाहेरच्या फळ्या, म्हणजे तुमचा डेक. या बाबतीत आपले गुरू कोकणपट्टीचे खलाशी. जहाजाचा डेक म्हणजे उघड्या आभाळाखालची लाकडी जमीनच. मुंबईला वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. त्या काळचे खलाशी गुडघे टेकून वाळूच्या दगडाने डेक घाशीत आणि समुद्राच्या पाण्याने धूत. खारे पाणी चाले, पण पावसाचे गोडे पाणी फटीत साचले की लाकूड कुजे. आपले कोळी होडीला मोरीचे तेल पाजीत. म्हणजे दोन धडे: पाणी साचू द्यायचे नाही, आणि लाकडाला वरून कवच घालण्यापेक्षा आतून तेल पाजायचे.

बंगल्याच्या डेकलाही हेच लागू. उभ्या फळीवरून पाणी वाहून जाते, आडव्या फळीवर बसते. म्हणून दोन फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी फट हवी, जरासा उतार हवा, खाली वारा हवा. फटीत पाला साचला की तो काढावा. फळीचे कापलेले तोंड सर्वांत जास्त पाणी पिते, तेथे तेलाचे दोन-तीन हात जास्त द्यावेत. घट्ट चमकदार व्हार्निश बाहेर लावू नये. उन्हाने त्याला चिरा पडतात, चिरेतून पाणी आत जाते, आणि मग बाहेर पडायला त्याला वाट नसते. साग दोन वर्षांत रुपेरी राखाडी होतो, त्याला लोक कुजणे समजतात. ते उन्हाने वरचा केवळ पातळ थर बदललेला असतो. कुजले की नाही ते पेचकसाचे टोक टोचून पाहा. टणक असेल तर काळजी नको. मात्र साग म्हणून कोणी झाडाचा बाहेरचा फिकट भाग दिला तर घेऊ नका. टिकाऊपणा आतल्या गाभ्यात असतो. तेल वैशाखात, पाऊस लागण्याआधी, कोरड्या फळीला द्यावे, आणि दसऱ्याला पुन्हा एकदा सगळे खिळे-स्क्रू पाहावेत.

हलके लाकूड बाहेर वापरायचे तर ते औषधात मुरवलेले असते. येथे एक अभिमानाची आणि एक सावधगिरीची गोष्ट आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार मुरवून लाकूड टिकवण्याची रीत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम् या भारतीय शास्त्रज्ञाने काढली. ती जगभर गेली. विजेचे खांब, रुळांखालचे स्लीपर त्यावर टिकले. पण आर्सेनिक म्हणजे सोमल. घराभोवतीच्या वापरातून ते अमेरिकेत २००३ च्या अखेरीस काढून घेण्यात आले. तेव्हा हिरवट रंगाचे मुरवलेले तुकडे उरले, तर ते चुलीत किंवा बंबात घालू नका. ती राख विषारी असते. हे तुकडे बहुधा कोण घरी नेते? काम करणारा मजूर नेतो, फुकटचे जळण म्हणून. त्याला हे कोणी सांगत नाही.

येथे मी माझ्या ओझ्यापाशी येतो.

१९८७ साल. मी सतरा वर्षांचा. एका मोठ्या बंगल्यात जमिनीला तेलपाण्याचे काम चालले होते. उकळलेले जवसाचे तेल, आमच्या धंद्यात डबल बॉइल म्हणतात ते, फडक्याने फळीला चोळायचे. संध्याकाळी फडकी गोळा करणे हे माझे काम. ठेकेदाराचा माल वाया जाऊ नये म्हणून मी ती सगळी एका गोणीत कोंबून खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. रात्री तेथून आग लागली. दोन दारे आणि अर्धी जमीन गेली. रखवालीला एक म्हातारे गृहस्थ होते. जत तालुक्यातले, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. ते बिडी ओढीत. ठेकेदार म्हणाला, बिडीनेच लागली. मामा एकच म्हणत होते, "बिडी मी अंगणात ओढली आन् पायाखाली विझवली." कोणी ऐकले नाही. त्यांचा दोन महिन्यांचा पगार कापला आणि त्यांना काढून टाकले. मीही गप्प बसलो. मला त्या गोणीबद्दल शंका नव्हती, पण मामांना मी अंगणातच बिडी ओढताना पाहिले होते. तेवढे तरी सांगता आले असते. सांगितले नाही, कारण माझी मजुरी यायची होती.

बारा-तेरा वर्षांनी वाचनालयात मी आगीवरचा एक लेख वाचला. अमेरिकेत फिलाडेल्फियाला फेब्रुवारी १९९१ मध्ये ३८ मजली इमारत जळाली. आग बाविसाव्या मजल्यावर लागली, तीन बंबवाले मेले. कारण काय? लाकूडकाम करणाऱ्यांनी सोडून दिलेली जवसाच्या तेलाची फडकी. काडी नाही, ठिणगी नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्यात उष्णता निघते. फडके पसरलेले असेल तर ती हवेत जाते. बोळा करून गोणीत कोंबले तर आत साठते, वाढते आणि फडके आपोआप पेट घेते. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. आग मामांनी लावली नव्हती. ती मी कोंबलेल्या गोणीने लावली होती.

मामांचे गाव शोधून मी गेलो. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. घरात त्यांची बायको होती. मी सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते शेवटपातूर म्हणायचे, बिडी म्या विझिवली हुती." एवढेच. मला शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

तेव्हापासून आमच्या सभासदांच्या पहिल्या बैठकीत मी आधी वर्गणीचे बोलत नाही, फडक्याचे बोलतो. तेलाची फडकी उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायची. तुम्ही घरी हौसेने तेल लावाल तेव्हाही हेच करा.

अज्ञान हे कामगाराचे सर्वांत महाग कर्ज आहे, असे मला त्या दिवशी वाटले. फडके दिसते तरी. धूळ दिसतही नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडात बकिंगहॅमशायर परगण्यात एस्मे हॅडफील्ड या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आले की, नाकाच्या आतल्या कर्करोगाचे रोगी विलक्षण प्रमाणात खुर्च्या-कपाटे करणाऱ्या कारखान्यांतले आहेत. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा कर्करोगाला निश्चित कारण ठरणाऱ्या वस्तूंच्या यादीत घातला. आमच्याकडे जमीन घासणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधतो. रुमालाने जाडी धूळ अडते. जी आत जाऊन बसते ती बारीक असते, तिला रुमाल अडवीत नाही.

मी युनियनचा माणूस, तेव्हा मागण्या मांडल्याशिवाय खाली बसणे मला जमणार नाही. आज मागण्या सरकारकडे नाहीत, कारखानदाराकडे नाहीत, आपल्याकडे आहेत. चारच आहेत.

पहिली: जमीन करून घेताना पॉलिशवाल्याला खिडक्या बंद करायला सांगू नका. धूळ आत येते म्हणून तुम्ही सांगता, पण थिनरची वाफ बाहेर जात नाही आणि ती त्याच्या छातीत जाते. दुसरी: घासण्याच्या यंत्राला धूळ ओढणारी पिशवी आणि माणसाच्या तोंडाला नीट बसणारा मुखवटा, हे दराच्या बोलीतच धरा. त्यासाठी पैसे कमी करून मागू नका. तिसरी: दिवाळीची तारीख लाकडावर आणि माणसावर लादू नका, दोन्ही बिघडतात. चौथी: काम संपले म्हणजे त्या माणसाला विसरू नका. दर वर्षी वैशाखात त्याला दोन तासांसाठी बोलवा. तो पाहील, टोचून बघेल, एखादा हात देईल. दहा वर्षांनी सगळे उखडून नवे करण्यापेक्षा ते स्वस्त पडते, त्याच्या घरी पावसाळ्याआधी चार पैसे जातात, आणि एक झाडही वाचते.

आपण बसला आहात त्या खुर्चीखाली आणि मी उभा आहे त्या फळीखाली कोणाचे तरी गुडघे टेकलेले आहेत. मी सुरुवातीला आलो तेव्हा या व्यासपीठाची तिसरी फळी करकरली, आपण ऐकलेच असेल. तिचा खिळा सैल आहे. सभा संपल्यावर चिटणिसांनी हातोडी दिली तर तो मी ठोकून जाईन.